लॉकच्या भिंतीवरची साखळी

रणपिसे सर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची चौकशी करायचे, मग माणसांची. चपला काढता काढता मधलं बोट वाकवून भिंतीवर टकटक करायचे आणि मान किंचित तिरकी करून ऐकायचे. आवाज बद्द आला तर स्वारी खूश. पोकळ आला तर चेहरा असा पडायचा की यजमानांना वाटावं, आपल्यालाच काहीतरी दुखणं निघालंय. इथे परदेशात, यिशुनच्या आमच्या ब्लॉकमध्ये मी नवीन राहायला आले तेव्हा ते वरच्या मजल्यावरून शेजारधर्म म्हणून चहाला आले, आणि स्वयंपाकघरात शिरून त्यांनी एका भिंतीवर टकटक केली.

"इथे आधी दार होतं," ते म्हणाले. "ही भिंत नंतरची."

"मग काय करू?" मी विचारलं. माझ्या हातात चहाची गाळणी होती.

"काही नाही. माहीत असावं."

'नंतरचं' हा त्यांचा शब्द. जुन्या वास्तूंची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनियर होते. मूळचं काय आणि पुढे कुणी चिकटवलेलं काय, हे वेगळं करायचं आणि चिकटवलेलं काढून टाकायचं, हा त्या धंद्याचा पहिला धडा. सरांनी तो धडा घरीदारी सगळीकडे लावला होता. चहात आलं लागलं की "आलं नंतरचं". हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, नूडल्सवर तळलेला कांदा आला की तो बाजूला सारून "हा नंतरचा". एकदा आम्ही पुंगोलला एका मराठी कुटुंबाकडे नव्या फ्लॅटचं जेवायला गेलो होतो. यजमानांनी हौसेनं फॉल्स सीलिंग करून घेतलं होतं. हा माणूस वरणभात कालवता कालवता वर बघून म्हणाला, "पाच वर्षांत काढाल." शोभाताईंनी टेबलाखालून लाथ मारली, ती मला लागली.

शोभाताई म्हणजे त्यांच्या पत्नी. घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या आणि नवऱ्याला व्यवस्थित ओळखून होत्या. "लग्नसुद्धा नंतरचंच आहे हो," त्या म्हणायच्या, "तेही काढून टाका."

"ते भार घेतं," सर म्हणायचे. "ते काढता येत नाही."

त्यांची मुलगी अस्मिता तेव्हा सेकंडरी शाळेत होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. "पप्पा, नॉट अगेन ला," असं शेवटी इथला 'ला' लावून म्हणायची आणि हेडफोन चढवायची. त्या घरात भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली पुस्तकांचं कपाट, आणि कपाटाच्या पुढे ओळीनं मांडलेले दगडाचे तुकडे. पाहुण्यांना वाटायचं शोपीस असतील. ते सरांचे नमुने होते.

हसत सुरुवात केली आहे, कारण त्या माणसाबरोबरची पहिली दोन वर्षं मी खरंच हसण्यात घालवली. पुढचं लिहिताना ते जमणार नाही.

माझी त्यांची खरी ओळख एका डब्यामुळे झाली. मी युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करत होते, विषय केमिस्ट्री, एवढं त्यांना शोभाताईंकडून कळलं होतं. एका शनिवारी दार वाजलं आणि सर स्टीलचा डबा घेऊन उभे. मी मनात म्हटलं, शोभाताईंनी चिवडा पाठवला. झाकण उघडलं तर आत चुन्याचा भुगा.

"खायचं नाही," ते म्हणाले. "यात काय काय मिसळलंय ते तुझ्या लॅबमध्ये बघून सांगशील? कंपनीची लॅब महिना लावते."

मी बघून सांगितलं. मग दुसरा डबा आला, मग तिसरा. आमच्या प्रोफेसरांनी एकदा विचारलं की हे काय चाललंय, तर मी म्हटलं, शेजाऱ्यांचं. ते सगळे डबे एकाच ठिकाणचे होते, त्यांच्या लॉकचे.

तुआसच्या वाटेवर, कारखान्यांच्या पाठीमागे, एक बुजत आलेली खाडी आहे आणि तिच्या तोंडाशी हे जुनं दगडी लॉक. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची खोली. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी चढवायचं किंवा उतरवायचं, आणि मग पुढचं दार उघडायचं. भरती-ओहोटीच्या समुद्रातून आतल्या कालव्यात लाकडाच्या होड्या नेता याव्यात म्हणून कधीकाळी ते बांधलं होतं. होड्या गेल्या, वखारी गेल्या, कालवा बुजला. ही ग्रॅनाइटची खोली तेवढी राहिली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की असं दुसरं इथे नाही, आणि सरकारनं ते वारसा म्हणून जाहीर केलं. जाहीर झालं म्हणजे त्यातल्या एका दगडालाही परवानगीशिवाय धक्का लावायचा नाही. दुरुस्तीचं काम सरांच्या कंपनीला मिळालं आणि कंपनीनं ते सरांवर सोपवलं.

काम चालू असताना एका रविवारी त्यांनी आम्हाला तिथे नेलं. शोभाताई, नाक मुरडत आलेली अस्मिता आणि मी. दोन्ही दरवाजे बंद करून आतलं पाणी उपसलं होतं. परांच्या बांधलेल्या होत्या, त्यांवरून आम्ही खाली तळापर्यंत उतरलो. दोन्ही बाजूंना काळपट दगडांच्या सरळसोट भिंती, सांधे इतके बारीक की नख शिरू नये. सर एकेका दगडावरून हात फिरवत होते. छिन्नीचे घाव दाखवत होते, हा डावखुरा असणार, हा घाईत होता, याचं मन लागलं नव्हतं.

"माझा आजा नगरकडे कॅनॉलच्या कामावर दगड वाहायचा," ते एकदम म्हणाले. "डोक्यावर. कॅनॉल झाला, पाणी आलं, आमच्या वस्तीकडे काही वळलं नाही. गावातल्या विहिरीला खालपर्यंत पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांवर आज्याला पाऊल ठेवता आलं नाही. वर उभं राहायचं आणि कुणी ओतलं तर घ्यायचं." मग भिंतीकडे बघून म्हणाले, "हे दगडसुद्धा आपल्याकडूनच आणलेल्या मजुरांनी वाहिलेत. बोर्डावर बांधणाऱ्या साहेबाचं नाव येईल. यांचं काय आहे? हे घाव आहेत फक्त. म्हणून मी यांच्यावर कुणाला काही चढवू देत नाही."

अस्मितानं त्या वेळी हेडफोन काढले होते, हे माझ्या लक्षात आहे.

ती साखळी मी त्याच दिवशी पाहिली. उत्तरेच्या भिंतीवर, वरच्या काठापासून तळाच्या जवळपर्यंत, एकाखाली एक पाच-सहा लोखंडी कड्या ठोकलेल्या आणि त्यांतून ओवलेली जाड साखळी. गंजून गंजून तिचे दुवे एकमेकांना चिकटले होते, खालच्या अर्ध्या भागावर शिंपल्यांची खरूज चढली होती. त्या देखण्या भिंतीवर ती खरोखर ओंगळ दिसत होती.

"ही घाण बघ," सर म्हणाले. "लॉक बांधल्यावर कितीतरी वर्षांनी कुणीतरी लावलीय. लोखंड वेगळं आहे, मी तपासून घेतलंय. आणि भोकं बघ कशी पाडलीत. दगडाची नस कळत नाही, नुसतं कुटलंय. मूळच्या माणसानं असं केलं नसतं."

"मग?"

"मग काय! नंतरचं आहे. काढायचं."

ते काढणं आणि बुजवणं त्यांनी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. तसाच ग्रॅनाइट मिळावा म्हणून पाडलेल्या जुन्या कुंपणांचे दगड शोधत ते बेटभर हिंडले. प्रत्येक भोकाच्या मापाचं दगडाचं बूच स्वतः घडवलं. बूच आणि भिंत यांमधल्या फटीत भरायला चुना आणि दगडाची पूड यांचं मिश्रण केलं, त्याचा रंग जुळेपर्यंत माझ्याकडे डबे येत राहिले. काम संपल्यावर मला पुन्हा नेलं आणि भिंतीसमोर उभं केलं.

"शोध," ते म्हणाले.

मी तळहातानं चाचपत चाचपत ती भिंत पालथी घातली. कुठे काही लागेना. नखानं खरवडलं, गाल टेकवून तिरकं बघितलं. शेवटी हात टेकले. सर मागे उभे राहून हसत होते, डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. "मलासुद्धा सापडत नाहीत आता," ते म्हणाले. मग त्यांनी एका जागी टकटक केली, तीही बद्द वाजली. तो माणूस तेवढा आनंदात मी पुन्हा पाहिला नाही.

उद्घाटन झालं. फीत, छत्र्या, लिंबाचं सरबत. लॉकमध्ये पाणी परत आलं, काठाला हिरवळ केली, आणि एक बोर्ड लागला की हे लॉक आता त्याच्या मूळ रूपात आणलं आहे. भाषणांत सरांचं नाव एकदा आलं आणि ते चुकीचं उच्चारलं गेलं. ते चहाच्या टेबलाजवळ उभे राहून शोभाताईंना म्हणाले, "रणपिसे म्हणता आलं नाही तर हरकत नाही, उत्तरेची भिंत बघा म्हणावं."

त्यानंतर काही महिन्यांनी मुरुगन नावाचा एक कामगार तिथे बुडून गेला.

हे मी पाहिलेलं नाही. त्याच संध्याकाळी शोभाताईंनी मला वर बोलावून घेतलं, तेव्हा सरांनी जेवणाच्या टेबलाशी बसून एकदाच सांगितलं. पुढे मी ते त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

मुरुगन हिरवळ कापायला यायचा. तमिळनाडूच्या किनाऱ्याकडचा, तिशीतला. सरांना बघितलं की मशीन बंद करून "गुड मॉर्निंग, बॉस" म्हणायचा आणि पुन्हा सुरू करायचा. त्या दिवशी भर दुपारी सर दोन पाहुण्यांना लॉक दाखवत दक्षिणेच्या काठावर उभे होते. मुरुगन समोर, उत्तरेच्या काठावर होता. काठाच्या दगडावर शेवाळ होतं, त्यावरून पाय गेला आणि तो खांद्याला अडकवलेल्या मशीनसकट आत पडला. ओहोटी होती, पाणी खोल आणि खाली गेलेलं. पट्टा सोडवून तो वर आला. त्याला पोहता येत होतं.

"छान पोहत होता," सर म्हणाले. "मला वाटलं, भिजला बिचारा, एवढंच."

तो भिंतीशी आला. भिंत गुळगुळीत. वर काठ दीड पुरुष उंच. सर दरवाज्यावरच्या फळीवरून पळत पलीकडे गेले, काठावर पालथे पडले आणि हात खाली सोडला. हात पोहोचला नाही. एका पाहुण्यानं बागेचा पाइप आणून टाकला. मुरुगननं तो धरला, पण ओल्या हातातून प्लास्टिक निसटत होतं. दुसरा पाहुणा दोरी शोधायला लॉरीकडे धावला. मुरुगन दमत चालला होता. मग तो भिंत चाचपू लागला, काहीतरी असेलच या हिशेबानं. तळहात दगडावर ठेवायचा, थोडा पुढे सरकायचा, पुन्हा ठेवायचा.

इथे सर थांबले. शोभाताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"मी वरून बघत होतो," ते म्हणाले. "त्याचा हात नेमका माझ्या बुचांवरून गेला. एकावरून, मग खालच्यावरून. जसा तुझा गेला होता ना, तसाच."

ते माझ्याकडे बघून बोलत होते. माझ्या तळहाताला तो दगड जाणवला. अजून जाणवतो.

दोरी आली तेव्हा तिला धरायला कुणी नव्हतं.

चौकशी झाली. शेवाळ होतं, बुटांचे तळवे झिजलेले होते, एकट्यानं काठाशी काम करायला नको होतं. जिथे जे लिहायचं ते लिहिलं गेलं. मुरुगनचा देह त्याच्या गावी पाठवला. सरांचं नाव कुठेच आलं नाही. उलट त्यांनी वाचवायचा प्रयत्न केला म्हणून कंपनीच्या साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. कुणीतरी चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं.

टकटक बंद झाली. माझ्याकडे आले तर हात खिशात घालून आत यायचे आणि सरळ खुर्चीवर बसायचे. 'नंतरचं' हा शब्दही गेला. चहात मी मुद्दाम भरपूर आलं किसून घातलं, की निदान चिडतील. मुकाट्यानं पिऊन गेले. शोभाताई एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "भांडतसुद्धा नाहीत गं. घरात माणूस आहे की नाही कळत नाही."

मग एका रविवारी ते आपण होऊन बोलले. मी त्यांच्याकडे जेवायला होते, शोभाताई भाकरी थापत होत्या.

"मी त्या साखळीचं वय काढलं," ते म्हणाले. "लोखंड कुठलं ते काढलं. भोकं कशानं पाडली ते काढलं. सगळं काढलं. कशाला लावली, एवढं नाही विचारलं."

शोभाताईंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"उगीच कुणी ग्रॅनाइटमध्ये भोकं पाडत नाही. हातांची सालटं निघतात. आधी कुणीतरी बुडालेलं असणार तिथे. कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी जोडीदार. मग त्यांनी मिळेल ते लोखंड आणलं आणि जमेल तसं कुटलं. मी त्यांना अडाणी म्हटलं."

शोभाताईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दगड वाहणारे तेवढे तुमचे. साखळी लावणारे कुणाचे होते मग?"

मला वाटलं, आता हे उठून जातील. ते उठले नाहीत. "तेच," म्हणाले. "तेच ना."

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. वारसा खात्याकडे साखळी परत लावायची परवानगी मागितली. उत्तर आलं की काठाला आता रेलिंग बसवलं आहे, बुडत्याकडे फेकायचं लाइफबॉयचं कडं टांगलं आहे, त्यामुळे गरज उरलेली नाही. शिवाय त्या भिंतीत मूळची भोकं नाहीत आणि संरक्षित दगडात नवीन भोक पाडता येत नाही. आधाराला, साखळी नंतरची आहे असं सांगणारा सरांचाच अहवाल जोडला होता. सर पुन्हा भेटले, पुन्हा समजावलं. समोरचा अधिकारी तरुण आणि सभ्य होता. म्हणाला, मिस्टर रणपिसे, यू युवरसेल्फ टॉट अस धिस. सरांनी हे मला सांगितलं तेव्हा ते हसले, आणि ते हसणं मला बघवलं नाही.

"रेलिंग आहे ना पण आता?" मी म्हटलं.

"पडणारा माणूस रेलिंगला विचारून पडतो का? उद्या ते रेलिंग रंगवायला एकजण पलीकडे जाईल. परवा शिंपले काढायला दुसरा उतरेल. काम करणारा नेहमी रेलिंगच्या पलीकडेच असतो."

एका रविवारी सकाळी ते मासे आणायला जातो म्हणून बाहेर पडले आणि दुपारी पोलिसांच्या गाडीतून घरी आले. मध्ये काय झालं ते असं: बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानातून त्यांनी साखळी आणि कड्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या. लॉकच्या काठाला दोरीची शिडी बांधून ते उतरले आणि बॅटरीवरच्या ड्रिलनं स्वतःची बुचं फोडली. त्यांना ती सापडत नाहीत असं ते म्हणाले होते, ते खरं नव्हतं, एकूण एक ठाऊक होती. ओहोटीची वेळ साधली होती, त्यामुळे खालपर्यंत जाता आलं. रखवालदारानं पाहिलं आणि फोन केला. लोक येईपर्यंत साखळी लागलेली होती, आणि सर काठावर ओले बसले होते. पळून जायचा प्रश्नच नव्हता. "मी लावलीय," एवढंच म्हणाले, "काढू नका."

दुसऱ्या दिवशी ती काढली.

संरक्षित वास्तूची नासधूस हा इथे साधा गुन्हा नाही. कंपनीचं नाव जात होतं, सरांची नोकरी तर गेल्यातच जमा होती, आणि नोकरी गेली की तिच्यावर मिळालेला इथे राहायचा पासही गेला. महिन्याभरात देश सोडायचा. अस्मिताची ओ लेव्हलची, म्हणजे आपल्या दहावीसारखी, परीक्षा वर्षाअखेरीस होती. अशा वेळी कंपनीनं एक तोड काढली. भोकं पूर्वीसारखी बुजवून द्या. तुमच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. ते झालं की तक्रार पुढे जाणार नाही आणि मुलीची परीक्षा होईपर्यंत पगार चालू राहील. मग आपण होऊन राजीनामा द्या.

त्यांच्या घरी त्या संध्याकाळी मी होते, आणि उठून जावं की बसावं ते कळत नव्हतं. शेवटी बोलली ती अस्मिता.

"डोन्ट डू इट फॉर मी," ती म्हणाली. "आय कॅन टेक एक्झाम इन पुणे ऑल्सो, पप्पा. आय डोन्ट केअर ला." आणि मग एकदम मराठीत, अडखळत, "मुरुगनअंकलसाठी तुम्ही लावली ना. मग भोकं बुजवू नका ना."

तिनं कुठलीशी ओळ पाठ म्हणावी तसं ते मराठी वाक्य म्हटलं होतं.

"तिकडे मध्येच तुला कोण घेणार आहे?" सर म्हणाले. "अभ्यास कर."

त्यांनी ते काम पत्करलं. मला खरं सांगायचं तर त्यांचा राग आला. माझं काय जात होतं राग यायला! ना माझी मुलगी, ना माझा पास. पण आला. यावेळी माझ्याकडे एकही डबा आला नाही. मीही विचारलं नाही. जिन्यात भेटलो तर "कसं काय" म्हणून आम्ही पुढे व्हायचो.

अस्मिताची परीक्षा झाली. त्यांच्या घरातलं सामान बांधून झालं. दगडांचे तुकडे त्यांनी ब्लॉकखालच्या झाडांच्या बुंध्याशी मांडून टाकले. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दार वाजलं.

"चल," सर म्हणाले, "काम बघायला."

आम्ही बसनं गेलो. लॉकवर ऊन होतं, पाणी हिरवं आणि स्थिर. दक्षिणेच्या काठावर, रेलिंगच्या आत आम्ही उभे राहिलो आणि मी समोर बघितलं.

त्या काळपट भिंतीवर वरपासून खाली पाण्यापर्यंत एकाखाली एक पांढरेफटक डाग होते. वाकडेतिकडे, भोकाच्या बाहेर फरपटलेले. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यात दगडाची बुचं नव्हती, चुना नव्हता. न्हाणीघराच्या फरश्यांच्या सांध्यांत भरतात ते पांढरं सिमेंट होतं.

"सर, हे त्यांनी पास केलं?"

"मी सांगितलं, उन्हापावसानं सहा महिन्यांत रंग मिळून जाईल. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा. सही केली."

"जाईल मिळून?"

"नाही," सर म्हणाले. "कधीच नाही. हे ग्रॅनाइटशी मिळत नाही. खरवडायला जाशील तर दगड निघेल, म्हणजे खरवडायलाही बंदी."

त्यांनी खिशातून हात बाहेर काढला. बोटांच्या पेरांवर ते पांढरं अजून चिकटलेलं होतं.

"इतकं घाणेरडं काम मी जन्मात केलं नाही," ते म्हणाले. "धरायला काहीच नाही गं तिथे. साखळी नाही ती नाहीच. पण निदान कुणी विचारेल, हे काय आहे म्हणून. मी नाही विचारलं. कुणीतरी विचारेल."

शाळेच्या मुलांची एक रांग आमच्या पाठीमागून चालली होती. त्यातल्या एकीनं भिंतीकडे बोट दाखवलं, बाईंनी बोर्ड वाचला, बोर्डावर त्याबद्दल काही नव्हतं, आणि रांग पुढे गेली. सर त्यांच्याकडे मान वळवून बघत होते.

मग ते म्हणाले, तू इथेच थांब. आणि रस्त्याच्या दिशेनं चालू लागले, उलटे, तोंड लॉककडे ठेवून. थोडं जायचे, थांबायचे, डोळ्यांवर हात धरून भिंतीकडे बघायचे, पुन्हा मागे सरकायचे. हिरवळ संपली, फुटपाथ आला, ते त्यावरही उलटेच चढले. एक सायकलवाला त्यांना वळसा घालून ओरडून गेला.

बसस्टॉपच्या खांबाला पाठ लागली तेव्हा ते थांबले. एवढ्या लांबून त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसता वर केलेला हात दिसत होता.

"इथूनही दिसतंय!" ते ओरडले.